तुम्ही व्हा पुढे

कार्तिकी होते, पाठोपाठ आळंदीला माउलींच्या संजीवन समाधीचा सोहळा होतो, आणि मग वारकऱ्याचे पाय घरी बसतात. माघीला, चैत्रीला जाणारे जातात; पण प्रपंचात अडकलेल्या आमच्यासारख्यांना आषाढापर्यंत वाट पाहावी लागते. आम्ही पाच जण बुधवार पेठेतले. कुणाचे अप्पा बळवंत चौकात पुस्तकांचे दुकान, कुणाचे तुळशीबागेत भांड्यांचे, कुणी नोकरीतून निवृत्त. संध्याकाळी पासोड्या विठोबाच्या देवळाशी भेट ठरलेली. पूर्वी या देवळाजवळ पासोड्या विकत, म्हणून देवाचे नाव पासोड्या विठोबा, असे जुनी माणसे सांगतात. भोवतालच्या लोकांच्या धंद्याचे नाव देवाने स्वतःला लावून घेतले, ही या पेठेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्यातल्या धाकट्याने सुचवले, की मार्गशीर्षात कोकणातल्या एखाद्या रानात चालायला जाऊ. अण्णांनी विचारले, "तिथे देऊळ कुठलं?" देऊळ नाही म्हटल्यावर ते जरा गप्प बसले आणि मग म्हणाले, "बरं, चालायचंच आहे ना? चला." तेव्हापासून दर हिवाळ्यात आम्ही दोन दिवस जातो.

अण्णा आमच्यात वडील. सत्तरीला आलेले, उजवा गुडघा दुखरा. माउलींच्या पालखी सोहळ्यात रथामागच्या एका दिंडीत त्यांची तीस वर्षांहून अधिक वारी झालेली. आम्ही चौघे त्यांचेच बोट धरून दिंडीत आलो. कुठे बसावे, कुठे उठावे, अभंग कुठे धरावा, पायांना फोड आले तर काय करावे, हे सारे त्यांनी शिकवले. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे जे लिहायचे आहे ते या अण्णांच्या बाबतीत आमच्या हातून घडले.

तीन वर्षांपूर्वी आम्ही फणसाडला गेलो. हे रान रायगड जिल्ह्यात, मुरूड आणि रोहा तालुक्यांत पसरलेले आहे. एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबांचे ते शिकारीचे राखीव रान होते. संस्थान १९४८ साली विलीन झाले आणि १९८६ मध्ये या रानाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. समुद्र इथून जवळ, पण झाडांच्या दाटीत तो दिसत नाही. मधूनच माळावर आले की अंगावर येणाऱ्या ओलसर, खाऱ्या वाऱ्यावरून तो कळतो. आम्ही ताम्हिणी घाट उतरून, रोह्यावरून सुपेगावला मुक्कामाला पोहोचलो आणि पहाटे गावातल्या एका वाटाड्याबरोबर रानात शिरलो. मार्गशीर्षातली ती पहाट अजून डोळ्यांसमोर आहे. पाऊस संपून दोन महिने झालेले, आणि तरी रानात टपटप आवाज चाललेला. वर पाहावे तर आभाळ निरभ्र. पानांवरचे दव खालच्या पानांवर गळत होते. ऐन, किंजळ, जांभूळ यांच्या बुंध्यांवरून गारंबीचे वेल चढलेले. मांडीएवढ्या जाडीचा वेल मी पूर्वी कधी पाहिला नव्हता. त्याच्या शेंगा हातभर लांब, आणि आत गुळगुळीत तपकिरी गोट्या. वाटाड्या म्हणाला, ही बी पाण्याबरोबर वाहत समुद्राला मिळते आणि तरंगत कुठल्या कुठे जाते. एक गोटी खिशात टाकायचा मोह झाला होता. वाटाड्याने नुसते पाहिले, आणि मी ती खाली ठेवली.

रानातल्या पाणवठ्यांना इथे 'गाण' म्हणतात. वारकऱ्याच्या कानाला हा शब्द फार गोड लागतो. अशाच एका गाणीपाशी वाट फुटते, आणि परतताना तिथेच अण्णा मागे राहिले.

झाले ते असे. दुपारचे जेवण उरकून परतीला लागलो तेव्हा तीन वाजून गेले होते. हिवाळ्याचा दिवस, ऊन लवकर कलते. वाटाड्या पुढे, आणि त्याला आम्हीच मागून रेटत होतो, कारण उजेडात गावात पोहोचायचे होते. अण्णांचा गुडघा सकाळपासून बोलत होता. ते दर थोड्या वेळाने थांबत, काठीवर रेलत आणि हात हलवून म्हणत, "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच." आम्ही पुढे होत होतो. पहिल्यांदा वळणावर थांबलो, दुसऱ्यांदा जरा कमी थांबलो. तिसऱ्यांदा थांबलो की नाही हे मला आठवत नाही, आणि जे आठवत नाही ते बहुधा घडलेले नसते. माळावर आल्यावर वाटाड्यानेच वळून पाहिले आणि विचारले, "पाच जण होता ना?"

माणसे मोजली ती त्याने. ज्यांनी अण्णांबरोबर पंधरा-पंधरा वाऱ्या केल्या होत्या, त्यांनी नाही.

परत फिरलो. हाका मारल्या. त्या रानात बिबट्या आहे हे आम्हाला सकाळी सांगितलेले होते. फोनला रेंज नव्हती. तासाभराने, सूर्य झाडांच्या खाली गेल्यावर, चुकीच्या फाट्यावर दोन-तीनशे पावले आत अण्णा सापडले. वाट चुकल्याचे कळताच ते शहाणपणाने तिथेच एका दगडावर बसून राहिले होते. आम्हाला पाहून म्हणाले, "आलात माउली?" आवाजात राग नव्हता. त्यामुळे आमची अधिकच पंचाईत झाली.

त्या रात्री मुक्कामावर आम्ही आपापली समजूत घालू लागलो. एक जण म्हणाला, अण्णांना एकांत आवडतो. तुकोबाराय नाही का एकटेच भंडाऱ्यावर जाऊन बसत? ऐकायला बरे वाटले. पण तुकोबाराय भंडाऱ्यावर गेले ते स्वतःहून. संगत सोडून माणूस एकांतात जातो ती एक गोष्ट. संगत त्याला सोडून जाते ती दुसरी. दोहोंत माणूस एकटाच बसलेला दिसतो, म्हणून आपण दोन्ही एकच समजायचे का? आणि भंडाऱ्याची गोष्ट काढायची तर ती पुरती काढावी. परंपरा सांगते, की जिजाई भाकरी घेऊन तो डोंगर चढत आणि तुकोबारायांना शोधत. तो एकांतसुद्धा कुणाच्या तरी शोधत येणाऱ्या पायांवर उभा होता. जिजाईंना कजाग ठरवून कथा सांगणाऱ्यांनी एकदा भर उन्हात तो डोंगर भाकरी घेऊन चढून पाहावा.

मग अण्णाच बोलले. म्हणाले, "भीती नाही वाटली रे. लाज वाटली." आम्ही गप्प. "सकाळपासून तुमचा खोळंबा होतोय हे दिसत होतं. म्हणून म्हणत होतो, पुढे व्हा. मला वाटत होतं, कुणीतरी म्हणेल, नाही होत."

तेव्हापासून हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेले नाही. "तुम्ही व्हा पुढे." आपल्या भाषेत इतके सभ्य आणि इतके फसवे वाक्य दुसरे नसेल. म्हणणारा ते आपली लाज झाकायला म्हणतो, आणि ऐकणारा ते परवानगी म्हणून घेतो. घरातली म्हातारी म्हणते, तुम्ही जेवून घ्या, माझे काही नाही. दुखणाईत माणूस म्हणतो, तुम्ही जा लग्नाला, मी आहे की घरी. आपण जातो, आणि वर सांगतो, त्यांनीच सांगितले जा म्हणून. आमचे रानात झाले ते हेच. अण्णांचा शब्द आम्ही पाळला होता. त्या अर्थाने आमची काही चूकच नव्हती.

पण मला खरा त्रास दुसऱ्याच प्रश्नाचा झाला. हेच आम्ही, हेच अण्णा, आणि हाच गुडघा घेऊन ते दर आषाढात दिवेघाट चढतात. तिथे ते कधी मागे राहिले नाहीत. का?

दिंडी कशी चालते ते वारकऱ्यांना सांगायला नको. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मृदंग, विणेकरी, आणि डोक्यावर तुळस घेतलेल्या माउली. विणा खाली ठेवायचा नसतो आणि विणेकऱ्याला पळता येत नाही. टाळाचा ठेका पायांना धरून ठेवतो. अभंग चालू असताना चार पावले पुढे जाणारा टाळकरी ठेक्याच्या बाहेर जातो आणि लगेच उघडा पडतो. दिवेघाटात तर माउलींच्या रथालाच जादा बैलजोड्या लावाव्या लागतात. जिथे रथच दमाने चढतो तिथे कुणाचा गुडघा कुणाचा खोळंबा करणार? शिंद्यांच्या पदरी सरदारी केलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात सोहळ्याला ही शिस्त घालून दिली. लष्करातला माणूस, मागे राहिलेल्याचे काय होते हे त्यांना ठाऊक असणार, असे मला आपले वाटते.

आणि समाज आरती. मुक्कामाच्या तळावर दिंड्या गोल उभ्या राहतात, चोपदार चोप उंचावतो आणि इतका वेळ आसमंत भरून राहिलेला टाळमृदंगाचा आवाज एका क्षणात थांबतो. मात्र ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिथे जातात, काय झाले विचारतात, आणि तोड निघाली की तो टाळही थांबतो. हरवले-सापडलेले तिथेच पुकारले जाते. या व्यवस्थेकडे मी इतकी वर्षे कौतुकाने पाहत आलो, पण तिचे मर्म फणसाडला कळले. गाऱ्हाणे असलेल्याला तिथे शब्द शोधावे लागत नाहीत. लाज गिळून 'माझे दुखते आहे' असे म्हणावे लागत नाही. सगळे थांबले असताना तो टाळ वाजवत राहिला, एवढे पुरे. आणि 'तुम्ही व्हा पुढे' म्हणायची तर सोयच नाही. कारण त्याच्यावाचून पुढे होणार कोण?

अण्णांच्या हातात त्या दिवशी टाळ नव्हता. काठी होती, आणि एक सभ्य वाक्य होते.

मग असे म्हणायचे का, की वारीत आम्ही सांभाळून घेणारे, एकमेकांना माउली म्हणून पायांवर डोके ठेवणारे असतो, ते सारे चांगुलपण दिंडीचे आहे, आमचे नाही? धाकट्याने हे तोंडावर विचारले. म्हणाला, "मग ते खोटंच की! ओळीत उभं केलं की चांगलं, ओळ मोडली की आपापल्या वेगानं."

याचे उत्तर मला लगेच देता आले नाही. आजही पुरते देता येते असे नाही. पण एकादशीचे उदाहरण मनात येते. माझ्या आजीने जन्मभर एकादश्या केल्या. त्या दिवशी घरात चूल वेगळी, साबुदाणा आदल्या रात्री भिजलेला, शेजारणीही उपाशी, संध्याकाळी देवळात कीर्तन. सगळे घर, सगळी आळी तिचा उपास उचलून धरायची. तिला कुणी म्हटले असते, की आजी, हा उपास तुझा नाही, तर ती हसली असती. "माझा कधी होता? पांडुरंगाचा आहे," म्हणाली असती. आधाराने उभी राहिलेली गोष्ट खोटी नसते. वेल खोटा नसतो. फणसाडला मांडीएवढा जाड वेल पाहिला, तोही झाडाच्या आधारानेच वर चढलेला होता.

खोटेपणा शिरतो तो दुसरीकडून. आधाराने आलेले चांगुलपण आपण स्वतःच्या खात्यावर जमा करतो. पंधरा वाऱ्या झाल्या, आता मी सांभाळून घेणारा माणूस झालो, अशी मी माझी समजूत करून घेतली होती. ती रानात, दुपारी तीन ते चारच्या दरम्यान, उतरली. आणि दिंडी तिथे नव्हती, ही सबबही पुरती खरी नाही. गळ्यात तुळशीची माळ होती. माळ काढून कुणी रानात गेलो नव्हतो.

इथे मला नामदेवराय आणि ज्ञानोबाराय यांच्या तीर्थयात्रेतली विहिरीची कथा आठवते. कीर्तनात ती नेहमी येते. मरुभूमीत दोघांना तहान लागते, विहीर खोल, दोर नाही. ज्ञानोबाराय योगबळाने सूक्ष्म होऊन आत उतरतात, पाणी पितात, आणि वर येऊन नामदेवरायांसाठीही पाणी आणतो म्हणतात. नामदेवराय नको म्हणतात, पांडुरंगाचा धावा करतात, आणि विहीर तुडुंब भरून वाहू लागते. कीर्तनकार यातून योगापेक्षा नामाचा महिमा दाखवतात, आणि ते यथार्थच आहे. पण हल्ली माझे लक्ष मधल्या वेळाकडे जाते. ज्ञानोबारायांची तहान भागली होती. पाय ताजे झाले होते. सोबतीने मदत नको म्हटले होते. 'बरे, मग मी होतो पुढे' असे म्हणायला याहून चोख कारण कोणते? ते विहिरीपाशी उभे राहिले. धावा चालला तोवर त्यांनी काय केले, हे कथा सांगत नाही. उभेच राहिले असणार, कारण विहीर भरून आली तेव्हा पाहायला ते तिथे होते.

एवढे समजल्यावर सारे सुरळीत झाले असे लिहायला मला आवडले असते. तसे झाले नाही. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा फणसाडलाच गेलो आणि ठरवले, की अण्णा सर्वांत पुढे चालतील; त्यांचा वेग तो सगळ्यांचा वेग. ऐकायला छान. प्रत्यक्षात तासाभरात माझे पाय आखडले. हळू चालायलाही श्रम पडतात, हे लक्ष्मी रस्त्यावर दिवाळीच्या गर्दीतून वाट काढणाऱ्या बुधवारकराला माहीत असायला हवे होते. पण तिथे पुढे कोण अडवतो आहे ते दिसत नाही, इथे पाठ दिसते. एका पाठीकडे पाहत मनात काय काय आले ते लिहिण्यासारखे नाही. सकाळी माळावर ऊन चढायच्या आत पोहोचायचे होते, ते जमले नाही. मात्र एका ऐनावर शेकरू दिसले. एरवी आम्ही त्याखालून निघून गेलो असतो. तांबूस अंग, झुपकेदार शेपूट, या फांदीवरून त्या फांदीवर झेप. अण्णा दम खायला थांबले होते म्हणून दिसले, असे कुणीतरी म्हणाले. अण्णा फटकन म्हणाले, "मला उगाच पुण्य लावू नका."

आणि खरे सांगायचे तर पुढे चालणे त्यांनाही रुचले नव्हते. परतल्यावर म्हणाले, "सगळे माझ्या पाठीकडे बघतायत असं दिवसभर वाटत होतं. त्यापेक्षा मागे बरा होतो." आम्ही त्यांची लाज घालवायला निघालो होतो आणि तिला मागून उचलून पुढे आणून बसवले होते. दिंडीत कुणाला कुणाची दया येत नाही, ही तिची केवढी मोठी किमया आहे! तिथे अण्णा दुखऱ्या गुडघ्याचे नसतात, टाळकरी असतात. रानात त्यांना टाळकरी कसे ठेवायचे, हे आम्हाला अजून पुरते साधलेले नाही. अभयारण्यात टाळ वाजवत जाणेही बरे नव्हे. तिथल्या रहिवाशांची झोप मोडायचा आपल्याला काय अधिकार?

आता आम्ही एवढेच करतो, की सर्वांत शेवटी कोण चालणार हे पाळीने ठरते. ज्याची पाळी असेल त्याच्या मागे कुणी राहायचे नाही, आणि प्रत्येक वळणावर त्याने मोजायचे. कधी अण्णांची पाळी असते, कधी माझी. वाटाड्याला पहिल्यांदा हसू आले होते.

यंदाच्या मार्गशीर्षात शेवटची पाळी धाकट्याची होती. गाणीच्या अलीकडे अण्णा थांबले, काठीवर रेलले आणि सवयीने हात हलवून म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच." धाकटा काही बोलला नाही. पाठीवरची पिशवी काढून दगडावर बसला आणि बुटात गेलेला खडा शोधू लागला. खडा होता की नव्हता, आम्ही विचारले नाही. एकेक करून सगळेच बसलो. वाटाड्याने विडी काढली, रान आठवून पुन्हा खिशात ठेवली. वर कुठेतरी दव गळत होते.

।। राम कृष्ण हरि ।।